हरेल त्याने उंडे आणायचे

आमच्याकडे वाटेवरच्या राखणदाराला, म्हणजे गाव राखणाऱ्या देवचाराला, रोट आणि दारूची बाटली ठेवतात. सकाळी बाटली रिकामी दिसते आणि लोक हात जोडतात. ती कोण पितो ते मला लग्न होऊन डिचोलीला आले त्याच वर्षी कळलं — तो आमच्या शेजारीच राहायचा. तेव्हापासून कुणी भुताखेताच्या गोष्टी सांगायला लागलं की मी उठून चुलीकडे जाते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून तुम्ही म्हणाल, म्हातारी भ्रमिष्ट झाली. झालेली नाही. औषधाच्या गोळ्या अजून माझ्या मी ओळखते.

माझी शाळा चौथीपर्यंत, कोरगावला, मराठीतून. घरात आम्ही कोकणी बोलतो, लिहायचं झालं तर मराठी. इंग्रजी मला येत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा.

घर डिचोली बाजारापासून थोडं बाहेर, पूर्वी खनिजाचे ट्रक जायचे त्या रस्त्याला लागून. खाणी जोरात होत्या तेव्हा वाळत घातलेले कपडे लाल व्हायचे. आता रस्ता शांत आहे. घरात मी आणि माझी मुलगी मंगल. तिनं लग्न केलं नाही, औषधांच्या दुकानात नोकरी करते. आमचे हे जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा शाबाजी, म्हणजे शाबू, तोही गेला. ट्रकवर होता म्हटलं की लोकांना वाटतं अपघात झाला. अपघात नव्हे, कावीळ. गावठी औषध घेत बसला आणि गेला.

दोन पावसांमागची गोष्ट. मंगल दुकानातून येताना स्कूटरवरून पडली. मांडीचं हाड मोडलं, आत सळी घातली. डॉक्टरांनी घरी सोडताना मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं — हाड जुळेल, पण हिनं वॉकर धरून रोज पाय टेकला पाहिजे. नाहीतर गुडघा आखडेल आणि ही कायमची खाटेवर. मी पंचाहत्तरीची. माझ्यामागे हिला कोण उठवणार? हे मी तिला तोंडावर विचारलं. ती भिंतीकडे तोंड करून निजली.

मी ओरडून पाहिलं, गोड बोलून पाहिलं. गोड बोलणं मला जमत नाही, ते तिलाही ठाऊक आहे. वॉकर खाटेशेजारी उभा. त्याच्यावर मी टॉवेल वाळत घालायला लागले.

तेव्हा माझा भाचा प्रसाद एक हातात धरायचं गेमचं मशीन घेऊन आला. तो म्हापशाला कॉम्प्युटरचं काम करतो. वेळ जाईल म्हणाला. त्या मशीनमध्ये एक गाव होतं. मंगलचं तिथं घर, बाग, शेजारी. दिवसभर ती तिथं धावत असायची. मासे पकड, झाडांना पाणी घाल, शेजाऱ्याचा निरोप पोचव. इथं स्वतःच्या तांब्यात पाणी ओतून घेत नव्हती आणि तिथं सगळ्या गावाची झाडं शिंपायची. मी म्हटलं, तिथं पाय मोडत नाहीत वाटतं? ती म्हणाली, नाही मोडत.

त्या गावात मोडक्या वस्तूंचं दुकान चालवणारा एक म्हातारा होता. त्याला निरनिराळे सुटे भाग शोधून आणून दिले की तो बक्षीस म्हणून जुना टीव्ही गेम देणार, आणि तो आपल्या त्या खोट्या घरात मांडून खरोखर खेळता येणार. खेळाच्या आत आणखी एक खेळ. तो उघडायला मंगल हट्टाला पेटली. कारण मला ठाऊक होतं. शाबूनं ट्रकवर क्लीनर असताना पहिल्या पगारात तसलाच गेम आणला होता, वर कॅसेट खुपसायची तो. भाऊ-बहीण दुपारभर त्याच्यासमोर.

त्यांचा एक नियम होता. चारच्या सुमाराला पोदेर सायकलवरून पाव घेऊन येतो, हॉर्न वाजवतो. हॉर्न वाजला की खेळ थांबवायचा आणि जो हरलेला असेल त्यानं फाटकापर्यंत जाऊन उंडे आणायचे. उंडे म्हणजे आमचे गोल, वरून कडक पाव. मंगल हरली की मुकाट्यानं जायची. शाबू हरला की त्याला नेमकी परसाकडची घाई व्हायची.

तर एका दुपारी मी सोप्यावर तांदूळ निवडत बसले होते. आतून मंगलची हाक आली.

"आये, हांगा यो."

आवाज वेगळाच होता. मला वाटलं, पडली. आत गेले तर ती खाटेवर बसलेली, मशीन माझ्यासमोर धरलेलं. म्हाताऱ्यानं गेम दिला होता. तिनं तो घरात मांडला होता आणि नुकताच चालू केला होता, एक डावही खेळली नव्हती. पडद्यावर कुणी किती गुण केले त्याची पाटी आली होती.

"कितें दिसता तुका?" तिनं विचारलं.

मी चष्मा लावला. सगळ्यात वर तीन अक्षरं. पुढची दोन मला वाचता येईनात, पण पहिलं ओळखलं.

"फुली," मी म्हटलं. "आमची फुली."

हे तुम्हांला सांगायला हवं. आमचे हे लहानपणी पोर्तुगीज शाळेत दोन वर्षं गेले होते. त्या लिपीत 'श' लिहायला फुलीसारखं अक्षर काढतात, इंग्रजीतला एक्स. आमच्याकडे गावांच्या पाट्यांवर अजून दिसतं. ह्यांनी शाबूला नाव तसंच लिहायला शिकवलं. इंग्रजीच्या मास्तरांनी चार पोरांत त्याला 'झबाजी' म्हणून हाक मारली, तरी त्यानं बदललं नाही. मंगल त्याला 'झबू' म्हणून चिडवायची. त्यांच्या टीव्ही गेममध्ये नाव लिहायला तीनच अक्षरांची जागा होती. हा फुली काढून 'शाब' लिहायचा, आणि वर ऐकवायचा, तुमच्या इंग्रजीत 'शा' लिहितानाच जागा संपते.

पुढची दोन मंगलनं वाचली. तेच नाव. फुली, ए, बी.

मंगल खेळायला बसली. हॉर्न वाजला तोवर खेळत होती, पण त्या नावाच्या वर काही गेली नाही. पों पों ऐकून मी नेहमीसारखी पिशवी घ्यायला उठले.

"दवर ती पिशवी," ती म्हणाली. "हांव हारलें."

वॉकरवरचा टॉवेल तिनं खाली फेकला. मी हात द्यायला गेले तर मला ढकललं. सोप्याची पायरी ती कशी उतरली ते देवाला ठाऊक. अंगणभर शिव्या देत गेली — पायाला, डॉक्टरांना, शाबूला. पोदेर सायकल धरून उभाच राहिला. घामानं निथळत परत आली आणि पिशवी माझ्यापुढे आपटली. त्यातला एक उंडा चेपला होता. तो मी खाल्ला.

त्यानंतर रोज हेच. रोज खेळायची, रोज हरायची, रोज फाटकापर्यंत जायची. वॉकर गेला, काठी आली.

प्रसाद रविवारी आला तेव्हा त्याला दाखवलं. तो हसला. म्हणाला, आते, कंपनीच काहीतरी नावं भरून ठेवते, नाहीतर नेटवरून दुसऱ्या कुणाचं तरी आलं असेल. मी म्हटलं, बरं. आमच्या घरात नेट नाही. फोनची रेंज मिळते ती न्हाणीच्या मागे, तीही उभं राहून. त्यानं म्हापशाला जाऊन स्वतःच्या दुसऱ्या मशीनवर तोच गेम मिळवला. पुढच्या रविवारी आला. मीच विचारलं. म्हणाला, माझ्या पाटीवर कुणाचंच नाव नाही, आते. कोरी आहे. मग चहा प्यायला आणि दुसरंच काहीतरी बोलायला लागला.

आणि एक दिवस मंगल जिंकली. वरच्या जागी स्वतःची तीन अक्षरं घातली, शाबूची खाली गेली. तेवढ्यात हॉर्न वाजला. मी तिच्याकडे बघितलं. ती खाटेवर मांडी घालून बसली होती. मांडी! डॉक्टर हो म्हणाले नसते.

"आज ताची पाळी," ती म्हणाली.

आम्ही दोघी बसून राहिलो. हॉर्न फाटकापाशी वाजला, थोडा थांबला. कुणी गेलं नाही, कुणी आलं नाही. खोटं कशाला सांगू, मी फाटकाकडे बघत होते. हॉर्न पुढं देवळाच्या बाजूला गेला. त्या संध्याकाळी आम्ही उंड्यांशिवाय नुसताच चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं मशीन उघडलं. शाबूचं नाव पुन्हा वर. तिच्यापेक्षा थोडेच गुण जास्त. मशीन रात्रभर माझ्या उशाशी होतं, कारण ती झोपत नाही म्हणून मीच ते काढून घेतलं होतं. मला ते चालूसुद्धा करता येत नाही.

मंगल हसली. पडल्यापासून पहिल्यांदा. "लबाड," एवढंच म्हणाली. पोदेराचा हॉर्न आला तशी पिशवी घेऊन निघाली, आणि काठी भिंतीलाच राहिली. ते तिच्या लक्षात आलं नाही. मी हाक मारली नाही.

आता ती दुकानात जाते. थोडी लंगडते. मशीन प्रसादला परत दिलं. त्याच्या हातात गेल्यावर ती पाटी कोरीच निघाली, असं तो सांगतो. कसं झालं ते त्याला माहीत नाही, मंगल त्यावर बोलत नाही, आणि मी चौथी शिकलेली बाई, मी काय सांगणार? राखणदाराच्या बाटलीचं मी आजही तुम्हांला नावानिशी सांगेन. ह्याचं नाही सांगता येत.

स्वभावाला औषध नाही, हे मला ठाऊक होतं. हरल्यावर शाबू उंडे आणायला कधीच गेला नाही. मेल्यावर तरी सुधारेल असं वाटलं होतं.