कमानीखालची हजेरी

फौजेतून हवालदार म्हणून सुटल्यावर हे बहरीनला आले. तिथल्या झिंज भागात पुण्याच्या एका इंजिनिअर साहेबांकडे ड्रायव्हर झाले. मी त्याच घरात स्वयंपाकाला. गाडीची वेळ सातची असली, की हे पावणेसातला गाडीपाशी उभे.

बहरीनहून सौदीला जाणारा समुद्रावरचा पूल झाल्यावर पुढच्या जुलैत साहेबांनी सगळ्यांना गाडीने जॉर्डनला नेलं. वाटेत इंजिन तापलं, तेव्हा यांनी स्वतःचं प्यायचं पाणीही रेडिएटरला घातलं. दहा वाजता जेराशच्या जुन्या रोमन अवशेषांपाशी पोचलो. रोमन बादशहाच्या स्वागतासाठी बांधलेली दगडी कमान, तीन दारांची. हे वर बघून म्हणाले, "एवढं मोठं गेट, आणि पहाऱ्याला संत्री एक नाही."

साहेब म्हणाले, "सावंत, आत सामान आहे. गाडी सोडू नका."

"जी साब."

तासाभराचं सांगून गेलो, ते पडक्या देवळांत अडीच तास गेले. परत फिरू या म्हणायचा मला धीर झाला नाही. साडेबाराला आलो. गाडीला कुलूप होतं. सावली कुठेच नव्हती. हे नव्हते.

बदलीचा माणूस आल्याशिवाय जागा सोडणारा हा माणूस नव्हे. उन्हाने भान गेलं असणार, हे मला तिथेच कळलं.

साहेब एकीकडे धावले, मी कमानीकडे. "अहो, अहो" करत हिंडले. एका पोलिसाने वॉकीटॉकी तोंडाशी धरून विचारलं, "इस्म?" म्हणजे नाव. झिंजच्या दवाखान्यात ऐकून तो शब्द मला येत होता. पण लग्नापासून मी यांचं नाव तोंडाने घेतलं नव्हतं. त्याने पुन्हा विचारलं. मी मान खाली घालून साहेबांची वाट बघत राहिले. दहा मिनिटं गेली. साहेब आले नाहीत.

शेवटी मधल्या दारात उभी राहून ओरडले, "हवालदार दत्ताराम सावंत!"

पलीकडच्या खांबामागून आवाज आला, "हजर."

यांचं अंग भाजत होतं. घाम नव्हता. मला ओळखलं नाही. विचारलं, "बदली आली?"

"आली," मी म्हणाले. "आता बसा."

एक वाजून दहा मिनिटांनी अँब्युलन्स आली. दोनला डॉक्टरांनी चादर वर ओढली.

लढाईत पडलेल्यांची नावं फौज दगडावर कोरते. यांचं कोणी कोरणार नाही. ती दहा मिनिटं माझी आहेत, ती कोणाला सांगितली नाहीत. नाव तेवढं इथे लिहून ठेवते.

हवालदार दत्ताराम गोविंद सावंत. ड्यूटीवर.