कूलरपाशी ठेवलेल्या चपला

मला एक्सेलची किळस येते असं म्हटलं की घरातले हसतात. खरं तर त्या रकान्यांचा काही दोष नाही. माणसं त्यात जे भरतात, त्याची किळस येते.

मी सोलापुरात एका शिक्षणसंस्थेच्या मुख्य कार्यालयात लिपिक आहे. संस्थेच्या शाळा जिल्हाभर पसरल्यात. उन्हाचा चटका सुरू झाला तेव्हा संस्थेनं सुरक्षा तपासणीचं एक सॉफ्टवेअर विकत घेतलं. प्रत्येक शाळेतलं वायरिंग, जिने, पाण्याच्या टाक्या, आग विझवायची नळकांडी, सगळ्याची स्थिती त्यात भरायची. ठीक असेल तर हिरवा रंग, धोका असेल तर लाल, आणि हे सगळं अध्यक्षांना मोबाइलवर दिसणार. शाळांनी आपापल्या माहितीच्या एक्सेल फाइली पाठवायच्या आणि मी त्या सॉफ्टवेअरला चालतील अशा करायच्या, एवढंच माझं काम.

फाइली आल्या. एका शाळेनं वरच्या ओळींत सरस्वतीचं चित्र आणि संस्थेचं ब्रीदवाक्य चिकटवलं होतं, माहिती कुठं सुरू होते ते शोधावं लागायचं. तारखेच्या रकान्यात 'दिवाळीनंतर'. संख्येच्या रकान्यात 'पुरेशी'. कुणी मोडक्या वस्तूंच्या ओळी गुलाबी रंगवल्या होत्या आणि बाकी काहीच लिहिलं नव्हतं, जणू सॉफ्टवेअरला डोळे आहेत. आणि जिथं तिथं 'वरीलप्रमाणे'. आमच्याकडच्या लोकांना तेच वाक्य दुसऱ्यांदा लिहायला जिवावर येतं. कागदावर ते चालतं, कारण कागदावरची ओळ जागची हलत नाही. दिवसभर हे निस्तरायचं म्हणजे पंगत उठल्यावर दुसऱ्यांची उष्टी काढल्यासारखं वाटायचं. जुळे सोलापूर भागातल्या घरी पोचले की मी आधी हात धुवायची.

काम अर्ध्यावर असताना मी एक दिवस रजेवर गेले. नेमकी त्याच दिवशी अध्यक्षांनी विचारणा केली, आणि आमच्या अधीक्षक साहेबांनी काम स्वतःच्या हाती घेतलं. सगळ्या शाळांच्या फाइली एकाखाली एक चिकटवल्या, वस्तूंच्या नावानं क्रम लावला, आणि जिथं 'वरीलप्रमाणे' होतं तिथं वरच्या ओळीतलं वाक्य खाली ओढलं. मी दुसऱ्या दिवशी आले तर माहिती सॉफ्टवेअरमध्ये चढलेली, पडदा हिरवागार आणि टेबलावर पेढे.

पेढा तोंडात असतानाच मला सांगोल्याकडच्या शाळेची मूळ फाइल आठवली. त्यात मेन बोर्डासमोर लिहिलं होतं, 'अर्थिंग नाही. शॉक बसतो.' त्याच्या खालच्या ओळीत पाण्याचा कूलर, आणि समोर 'वरीलप्रमाणे'. आता क्रम लावल्यावर तो कूलर करकंबच्या शाळेच्या कूलरखाली गेला होता. करकंबचा कूलर सुस्थितीत होता. म्हणून सांगोल्याकडचाही सुस्थितीत झाला. आणि तो बोर्ड साहेबांनी 'दुरुस्ती प्रस्तावित' म्हणून हिरव्यातच धरला होता.

मी साहेबांना दोन्ही फाइली शेजारी शेजारी लावून दाखवल्या.

"मॅडम, हिरवं झालंय ना? आता कशाला उकरताय?"

"साहेब, पोरं त्या कूलरचं पाणी पितात."

"एक लाल दिसलं की अध्यक्ष दहा प्रश्न विचारतील. शाळेला फोन करून सांगा लक्ष ठेवायला."

फोन केला. मुख्याध्यापक शांतपणे म्हणाले, "रबरी चपला ठेवल्यात की मॅडम तिथं. आजवर कुणाला काही झालं नाही."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नसेल. शनिवारी एसटीनं सांगोल्याकडं गेले. तिकडं तेव्हा टँकर सुरू झाले होते, आणि शाळेत प्यायला त्या एका कूलरशिवाय काही नव्हतं. त्याच्या अंगावर देणगीदारांच्या वडिलांचं नाव मोठ्या अक्षरांत रंगवलेलं. खाली ओली फरशी. फरशीवर लाकडी फळी, फळीवर निळ्या रबरी चपलांचा एक जोड, मोठ्या माणसाच्या मापाचा. मधली सुट्टी झाली. पोरं आपल्या चपला वर्गाबाहेर काढून ठेवतात, तशीच अनवाणी धावत आली आणि रांगेत उभी राहिली. एकेकानं त्या निळ्या चपलांत पाय घालायचे, नळाला आधी उलटा हात लावून बघायचा, मग पाणी प्यायचं आणि चपला पुढच्याला द्यायच्या. ढकलाढकली नाही, भांडण नाही. इतकी शिस्त मी आमच्या संस्थेत दुसरीकडं कुठं पाहिली नाही.

शिपाई मावशी शेजारी उभ्या होत्या. "म्याच शिकिवलंय त्यास्नी," त्या म्हणाल्या. "सरांला लई डाव सांगितलं. पर दुरुस्तीला वरनं मंजुरी न्हाय म्हंत्यात."

मी रांगेचा फोटो काढला, चपलांसकट. सोमवारी कूलरची नोंद बदलून 'धोकादायक' केली आणि फोटो जोडला. साहेब खुर्ची ओढून माझ्या पडद्यापाशी आले. फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाले, "निदान चपला तरी क्रॉप करा. बरं दिसत नाही."

मी चपला कापल्या नाहीत. पुढं काय झालं ते मला कुणी सांगितलं नाही, पण साहेब दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हते. मग एका सकाळी तोच कूलर पुन्हा हिरवा दिसला. शाळेकडून आलेला नवा फोटो होता. फरशी पुसलेली, फळी नाही, चपला नाहीत. मला क्षणभर बरं वाटलं. तरी खात्री करायला मावशींना फोन लावला.

"दुरुस्त झाला का कूलर?"

"कुटं मॅडम. चपला तेवढ्या सरांनी कपाटात टाकून कुलूप लावलंय. फोटूत येत्यात म्हणून."

"मग पोरं कशी पितात पाणी?"

"पित्यात तशीच. काल एकीला लई जोरात बसला. हात झाडत रडत बसली हुती."

मला असा संताप आला की आवाज चढला. "मावशी, आत्ताच्या आत्ता त्याची पिन काढा. पण आधी तुमच्या चपला पायात घाला आणि मेन स्विच बंद करा."

"सर वरडत्याल की."

"माझं नाव सांगा."

पलीकडं खुडबुड ऐकू आली. मग मावशींचा आवाज. "काढली. पर पोरास्नी आता गरम पानी प्यावं लागंल."

"पिऊ द्या."

मी नोंद बदलून 'कूलर बंद' केलं, आणि माझ्या वतीनं बोलायला कुणी येणार नाही हे गृहीत धरून घरी गेले. पण कूलर बंद असल्याची बातमी देणगीदारांच्या कानावर गेली. वडिलांचं नाव लिहिलेला कूलर बंद कसा ठेवता, म्हणून त्यांनी थेट अध्यक्षांना फोन केला. दुसऱ्याच दिवशी इलेक्ट्रिशियन शाळेत हजर. बोर्ड नवा, अर्थिंग नवं. मंजुरी कुठून आली, कुणी विचारलं नाही. पोरांच्या शॉकनं जे हललं नाही ते एका रंगवलेल्या नावानं हललं, आणि मला त्याचा आनंद मानावा लागला, याचीच सगळ्यात जास्त शिसारी आली.

मावशींना विचारून, दोनदा खात्री करून मग मी ती नोंद बदलली. साहेब चहाचा कप घेऊन माझ्या मागं येऊन उभे राहिले.

"बघा मॅडम. उगाच एवढा त्रास करून घेतला. झालं की नाही हिरवं?"

"आधीही हिरवंच होतं, साहेब," मी म्हटलं.