खाण-अभियंत्याचा मुलगा

नवनाथ अमेरिकेत तांब्याच्या खाणी चालवणाऱ्या कंपनीचा उपाध्यक्ष झाला आणि सोलापुरातल्या त्याच्या शाळेनं सत्काराचा घाट घातला. मुख्याध्यापिका देवयानीबाईंचा रीतीप्रमाणे फोन आला, "सर, तुमचा परिचय तुम्हीच लिहून पाठवा." आपल्याकडे ज्याचा सत्कार, त्यानंच आपली स्तुती लिहून द्यायची! साहेबांना सवड कुठली? त्यांनी कंपनीच्या वेबसाइटवरचा परिचय धाडून दिला. बाईंनी बिचाऱ्यांनी तो शब्दन् शब्द मराठीत उतरवला.

त्यात वडिलांविषयी एक ओळ होती. पंचवीस वर्षांपूर्वी, ॲरिझोनातल्या पहिल्या मुलाखतीत गोऱ्या साहेबानं विचारलं होतं, "वडील काय करतात?"

"खाणीत असतात."

हे खोटं नव्हतं. बाप धोंडिराम सोलापूरबाहेरच्या दगडखाणीत खडी फोडायचा. पण साहेबानं विचारलं, "इंजिनिअर?" आणि नवनाथनं होकारार्थी मान हलवली. एवढंच. पुढं त्याचं छापील वाक्य झालं आणि प्रत्येक बढतीबरोबर ते वर चढत गेलं. खोडायला एक मिनिट पुरलं असतं. लेकाला पंचवीस वर्षांत ते मिनिट काही सापडलं नाही.

सत्काराला धोंडिराम इस्त्रीचा पांढरा सदरा घालून पहिल्या रांगेत बसला होता. वाकडी झालेली बोटं गुडघ्यांवर ठेवून तो कौतुकानं ऐकत होता. बाई वाचत होत्या, "सरांचे वडील धोंडिरामजी हे नावाजलेले खाण-अभियंते..."

नवनाथचे कान तापले. बाप ऐकतोय. आत्ता उठावं, माइक घ्यावा आणि सांगावं, की माझा बाप खडी फोडायचा, त्याच खडीवर मी शिकलो. एका वाक्याचं तर काम! त्याची त्यालाच किळस आली, तरी तो खुर्चीतून हलला नाही. उलट खांद्यावरची शाल सारखी करत बसला.

"काका, तुम्हीही दोन शब्द बोला," बाईंनी आग्रह केला.

धोंडिराम कठडा धरून व्यासपीठावर आला. त्यानं पोराकडं एकदाच पाहिलं. नवनाथनं नजर खाली घातली. म्हाताऱ्याला काय समजायचं ते समजलं.

"मला बोलाय येत न्हाय, बाई," तो माइकपासून लांबूनच म्हणाला. "पर पोरानं लिवलंय ते खरंच हाय की. त्यो कदी खोटं बोलत न्हाय."

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. मान वर न करता नवनाथनंही टाळ्या वाजवल्या.