काँटेसाचं दुसरं इंजिन

सुनंदाचा, म्हणजे माझ्या धाकट्या जावेचा, वर्ध्याहून फोन आला तेव्हा मी अंगणात तूर पाखडत होते. "ताई, हे गेले..." एवढंच ती बोलली. मनोहरभाऊजी, माझे दीर. दारात धडधाकट काँटेसा उभी होती, किल्ली खिळ्याला होती, गाडी चालवायला मला येत होती, आणि तरी मी समुद्रपूरच्या स्टँडवर जाऊन एसटीची वाट पाहत उभी राहिले. शेजारी भाऊजी नसताना ती गाडी मी कधी चालवलीच नव्हती.

गाडी मुळात माझ्या यजमानांची. लांबलचक, पांढरी, रुबाबदार. चौकातून वळली की तिचा घुमणारा आवाज थेट स्वयंपाकघरात यायचा आणि मी चहाचं आधण ठेवायचे. हे गेले आणि गाडी कडुनिंबाखाली उभी राहिली ती राहिलीच. इंजिन आतून गंजलं, ब्लॉकला तडा गेला. भंगारवाले दारावर यायचे, मी त्यांना हाकलून लावायचे. भाऊजी बँकेत कॅशियर, पण जीव सगळा पान्ह्या-पक्कडीत. निवृत्त झाल्यावर दर रविवारी वर्ध्याहून येऊन गाडीभोवती घुटमळायचे. एकदा म्हणाले, "वहिनी, दादाची गाडी अशी उभी पाहून मले जेवण जात नाई. ब्लॉक बदलतो."

"म्हणजे यांचं इंजिन काढणार?"

"काढाच लागते. मेलं ते."

तो शब्द मला असा लागला की पुढचे दोन रविवार मी त्यांच्याशी धड बोलले नाही. इंजिनच दुसरं घातलं तर गाडी यांची राहते का? नाही म्हणावं तर डोळ्यांदेखत गाडी सडत होती. शेवटी म्हटलं, करा काय करायचं ते, पण जुनं इंजिन दाराबाहेर जाणार नाही.

नागपूरच्या भंगार बाजारातून एका ठोकलेल्या जीपचं अलीकडचं डिझेल इंजिन आलं. कडुनिंबाच्या फांदीला चेनपुली बांधून जुनं वर काढलं, नवं खाली सोडलं. भाऊजी कित्येक दिवस मापं घेत होते. सगळं बसलं, वायरी जोडल्या, आणि बॉनेट काही केल्या लागेना! भाऊजी डोक्याला हात लावून ओट्यावर बसले. "लांबी मोजली, रुंदी मोजली, उंचीच राह्यली ना वहिनी!" हे गेल्यानंतर त्या अंगणात मी पहिल्यांदा खळखळून हसले. घरात नवी वस्तू आली की आधी गिरडच्या दर्ग्याच्या टेकडीवर न्यायची, ही आमच्या घरची रीत. वेल्डर येईपर्यंत थांबतील तर ते भाऊजी कसले! कापसाची गाठोडी बांधायच्या दोरीनं बॉनेट आवळलं आणि निघालो. रस्त्यानं जो तो ओरडून सांगे, "ओ भाऊ, बॉनेट उघडं राह्यलं!" आणि भाऊजी तितक्याच जोरात, "मालूम आहे, मालूम आहे!" पुढे वेल्डरनं बॉनेट कापून वर पत्रा चढवला. गाडीच्या कपाळावर ते टेंगूळ अजून आहे.

जुना आवाज मात्र गेला तो गेलाच. "तुम्ही यांच्या गाडीत ट्रॅक्टर घातला," मी म्हटलं.

"ट्रॅक्टर त ट्रॅक्टर. पण आता तुमीच शिका चालवाले. काऊन दुसऱ्याच्या भरवशावर राह्यता?"

कापसाच्या जिनिंगच्या मोकळ्या पटांगणात त्यांनी मला शिकवलं. यांचं पाहून मला सवय होती, किल्ली फिरवली की गाडी सुरू. भाऊजी माझा हात धरायचे. "दम धरा वहिनी. हिटरचा दिवा इझू द्या, मंग सेल मारा." डिझेलला आधी आतून ऊब लागते म्हणे... तोवर तो पिवळा दिवा बघत दोघंही बसायचो. अशाच एका वेळी मी विचारलं, "भाऊजी, खरं सांगा, ही यांचीच गाडी आहे का?"

"मले काय मालूम. पण दादा असता त त्यानं तुमाले स्टेअरिंगले हात लावू देल्ला नसता!" हे अगदी खरं होतं. आम्ही दोघंही हसलो, आणि माझे डोळे भरून आले.

भाऊजींना जाऊन महिना उलटला. जुनं इंजिन कडुनिंबाखाली आहे, त्यावर चिमण्यांसाठी पाण्याचं मडकं ठेवलंय. मागच्या रविवारी मी खिळ्यावरची किल्ली काढली. शेजारची सीट रिकामी. किल्ली अर्धी फिरवली आणि सवयीनं थांबले. दिवा विझला. सेल मारला आणि एकटी वर्ध्याला गेले, सुनंदाकडे.

तेलपाणी करायला भाऊजी गाडी वर्ध्याला न्यायचे, त्यामुळे त्या गल्लीला हा ट्रॅक्टर माहीत होता. मी उतरले तेव्हा सुनंदा दारातच उभी होती, पदर तोंडाला लावून. "वळणावर आवाज आला ताई, अन् मी आधण ठेवून देल्लं..." मी तिला जवळ घेतलं. मग आम्ही आत गेलो. चहा भाऊजींना लागायचा तसाच झाला होता, दुप्पट साखरेचा. दोघींनी तो तसाच प्यायला.