सोलेआची पहिली मात्रा

सन १९९३ : गिटार घरबसल्या शिकवणाऱ्या एका मराठी पुस्तिकेचे लेखक. सन १९९७ : आळे गावातील माझे शेजारी, भजनी मंडळाचे तबलजी. सन २००८ : कोणीही नाही, त्या वर्षी मला फक्त कळले. जबाबदारीचा हा क्रम मी पूर्ण विचारांती लावला आहे.

जुन्नरच्या न्यायालयात मी कारकून होतो. फ्लामेंको हे स्पेनमधील गिटारवादन पुण्याहून आणलेल्या एका कॅसेटवर प्रथम ऐकले आणि त्यातील सोलेआ नावाचा संथ, जड प्रकार आयुष्यात एकदा तरी अचूक वाजवायचा, एवढीच इच्छा धरली. शिकवणारा जुन्नरात नव्हता, आंबेगावातही नव्हता. म्हणून सन १९९३ ची ती पुस्तिका. तिच्यात सोलेआविषयी एकच वाक्य होते : ‘हा बारा मात्रांचा ताल असून एकतालाप्रमाणे मोजावा.’ छापील वाक्यावर विश्वास ठेवणे हा माझ्या नोकरीचा पायाच होता.

प्रगती झाली, हे मी नाकारत नाही. करंगळीपासून एकेक बोट पंख्यासारखे उलगडत तारांवर टाकण्याची क्रिया आधी नुसता खडखडाट होती. पुढे तिला सूर आला. त्यासाठी उजव्या हाताची नखे वाढवावी लागली. पत्नी भाकरी थापता थापता म्हणे, “नखं माझ्याहून लांब झाली. आता बांगड्याबी भरा की!”

१९९७ साली एका संध्याकाळी पुस्तिका बाजूला ठेवून नुसता कॅसेटमागोमाग वाजवत होतो. हाताने आपण होऊन तिसऱ्या मात्रेवर घाव घातला, मग सहाव्या, आठव्या, दहाव्या. आणि सगळा भार बाराव्या मात्रेवर येऊन टेकला. अंगावर काटा आला. तेवढ्यात शेजारी ओसरीवर चढले.

“राव, थांबा, थांबा. सम कुठं गेली?”

“कॅसेटमध्ये असेच आहे.”

“कॅसेट ताणली आसंल. एकतालात तिसरी खाली आसती, बिनटाळीची, तिथं कसला ठोका घालता? आन् समेची पयली मोकळीच सोडली तुमी. समेवर या, समेवर!”

मी पुस्तिका उघडली. तिचे आणि त्यांचे एकमत होते. एक साक्षीदार आणि एक कागद यांच्यापुढे माझ्या कानाची साक्ष टिकली नाही.

त्यानंतर पहिल्या मात्रेवर पाय आपटत मी वर्षानुवर्षे रियाज केला. शेजारी तबला घेऊन साथीला बसत आणि म्हणत, “आता कसं बसलं! पर राव, गाणं लई रडकं हाय तुमचं. कोण मेलं ते तरी सांगा.” बोटांना वेग आला, सफाई आली. चूकच सफाईदार होत गेली.

निवृत्तीनंतर, २००८ साली, आळेफाट्यावरच्या एका सायबर कॅफेत मी सोलेआचे वादन पडद्यावर पाहिले. एका अंगणात गिटारवादकाभोवती चार माणसे टाळ्या देत होती. तीन, सहा, आठ, दहा, बारा. पहिल्या मात्रेवर एकाचाही हात हलला नाही. मी तसाच बसून राहिलेला पाहून कॅफेवाल्याने विचारले, “काका, आवाज येत न्हाई का?”

“येतो आहे,” मी म्हणालो.

शेजाऱ्यांना सांगितले, तर ते हसले. “मंग आता तसं वाजवा. कोण धरतंय तुमाला?”

माझाच पाय धरतो. तो पहिल्या मात्रेवर पडतोच. पाय बळेच रोखला, तर मान हलते. मान आवरली, तर अंगठा जड पडतो. त्यातच अनामिका सकाळी वळेनाशी झाली आहे. सांधा असाच राहणार, असे डॉक्टर स्पष्ट सांगतात. शिकलेले पुसून पुन्हा शिकण्याइतका हात आता उरलेला नाही. १९९७ च्या त्या संध्याकाळी सोलेआ माझ्या हातात आला होता. तो पुन्हा येणार नाही.

शेजाऱ्यांकडे मी खुलासा मागत नाही. त्यांनी निदान ऐकून चूक केली. लेखकमहाशयांना मात्र मी वारंवार रजिस्टर पत्रे पाठवली. सहीची पोच परत आली. उत्तर आले नाही. मला भरपाई नको, दिलगिरीही नको. ‘एकतालाप्रमाणे’ हा शब्द लिहिण्यापूर्वी आपण सोलेआ एकदा तरी कानांनी ऐकला होता काय? याचे उत्तर त्यांनी वर्तमानपत्रातून, स्वतःच्या नावानिशी, होय किंवा नाही एवढ्याच शब्दांत द्यावे.