पसरलेली नानकटाई

लासुर्ण्यात म्हाळसाबाईंची नानकटाई न खाल्लेलं माणूस सापडलंच, तर ते नुकतंच बदली होऊन आलेलं असणार. कृती विचारली, की त्या उभ्या उभ्या सांगत. दोन वाट्या मैदा, अर्धी वाटी बेसन, मूठभर बारीक रवा. वाटीभर साजूक तूप आणि तेवढीच पिठीसाखर परातीत तळहातानं फेसायची, पांढरी होईपर्यंत. वेलदोडा, चिमूटभर सोडा. पीठ मिसळा, गोळे करा, भाजा. संपलं. यात लपवायचं काय?

पण लपवलं, असं करिमा म्हणाली. करिमा कोणी ऐरीगैरी नव्हे. भिंतीला भिंत लागून घर, दोघींच्या परसात मिळून कढीपत्त्याचं एकच झाड. तिची लेक हीना बारामतीला दिलेली. सासरच्या पहिल्या ईदेला तिनं पाहुण्यांसाठी हौसेनं म्हाळसामावशीची नानकटाई केली, आणि ती ट्रेभर पसरून एकच झाली. "ही नानकटाई का थालीपीठ?" असं सासूनं सगळ्यांदेखत विचारलं.

करिमा झाडापलीकडूनच बोलली, "अक्का, हातचं राखायचं हुतं तर सांगायचंच न्हवतं. पोरीचं हसं झालं."

"अगं, राखीन कशाला?"

"मग तुमची का पसरत न्हाय?"

त्यानंतर करिमा कढीपत्ता तोडायलाही येईना. म्हाळसाबाईंना घास गोड लागेना. खोटं बोलल्याचा आळ, तोही करिमाकडून! शेवटी परात काखेत मारून त्या सरळ तिच्या स्वयंपाकघरात शिरल्या.

"बस समोर. लबाडी दिसली तर हात धर."

करिमा फौजदारासारखी स्टुलावर बसली. तूप फेसलं, साखर फेसली, पीठ मिसळलं. आणि म्हाळसाबाईंचे हात परातीतच थांबले.

खिडकीबाहेर ऊस होता. वारा आला, की सगळं रान एका अंगानं लवायचं, पाण्यासारखं. बघता बघता ते पाणीच झालं. त्यांच्या माहेरचं, डाळजचं, धरणाच्या फुगवट्याचं पाणी. काठाशी गुलाबी रोहित पक्षी एका पायावर उभे. त्या पाण्याच्या तळाशी जुनं घर, घरात चूल, चुलीपाशी आई. पातेल्याच्या झाकणावर निखारे ठेवून ती हळूहळू फुंकते आहे. पाण्यातसुद्धा निखारे लाल. वेलदोड्याचा वास बुडबुड्यांसारखा वर वर येतो आहे. आई मान वर करते, म्हणते...

"अक्का!"

"काय म्हणालीस?"

"कुठं गेलता?"

"हितंच हाय की."

"व्हय? माझा च्या झाला, पिऊन झाला, कप धुऊन झाला. तुमी आपल्या परातीत हात घालून दगडावाणी! दर बारीला असंच बसता?"

म्हाळसाबाई चक्क लाजल्या. "बसत आसंन. डाळजला जाऊन येते जरा."

करिमानं पिठात बोट खुपसलं. "मगाशी चिकटत हुतं. आता बघा, कसं घट्ट झालंय. तूप थिजलं, रवा फुगला. अन् आमची हीना? मिसळलं की लगीच ओव्हनमधी!"

नानकटाई निघाली ती गोल, माथ्यावर तडकलेली, एकीला एक न चिकटलेली. करिमानं गरमच तोंडात टाकली, जीभ भाजली, आणि तशीच फोनवर बोलली, "हीने, अक्कांनी काय बी लपवलं न्हवतं. त्यास्नीच ठावं न्हवतं." मग म्हाळसाबाईंकडे न बघता म्हणाली, "उद्या भाजीला कढीपत्ता लागंल मला."

"झाड काय माझ्या एकटीचं हाय?" म्हाळसाबाई म्हणाल्या.

फोनमधून हीनाचा आवाज आला, "मावशी, पण पीठ ठेवायचं तरी किती वेळ?"

म्हाळसाबाईंनी खिडकीबाहेरच्या उसाकडे पाहिलं.

"खिडकीत बस अन् माहेरी जाऊन ये. आलीस, की गोळे कर."

पलीकडून हीनाचा नुसता श्वास ऐकू येत होता. पोरगी निघालीसुद्धा, हे दोघींनाही कळलं.

"आगं, पण गॅसवर दूध ठिवू नकोस," म्हाळसाबाई घाईनं म्हणाल्या. "माझं दर बारीला उतू जातं."