हातानं फिरणारं चाक

कुमुद गेल्याची बातमी मला कुणी दिली नाही, मी तिच्या उशाशीच होते. बातमी द्यायचं काम मात्र माझ्या वाट्याला आलं. आमच्या ह्यांनी भोपाळला तार केली होती ती 'प्रकृती गंभीर, ताबडतोब निघा' अशी. कुमुदचे आईवडील, म्हणजे माझी ताई आणि नाना, निघाले, आणि ते वाटेत असतानाच इकडे सगळं संपलं. देवास गेटला बसमधून उतरून त्यांचा टांगा आमच्या गल्लीत शिरला, तेव्हा ओट्यावर बसलेली माणसं त्यांना लांबूनच दिसली असणार. नाना टांग्यातच बसून राहिले. ताई उतरून सरळ आत आली. तिनं मुलीच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही, आधी पायांकडे बघितलं.

"बूट कुठे आहे हिचा?"

"काढला, ताई. चामडं बरोबर द्यायचं नाही म्हणतात..."

"मग पाय असा उघडा का ठेवलास?" ती म्हणाली, आणि पिशवीतलं स्वतःचं पातळ काढून तिनं कुमुदच्या पायांवर घातलं. रडली ती नंतर, बऱ्याच वेळानं. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. माझ्या भाचीबद्दल लिहावं असं ह्यांनी सुचवलं, कारण तिला ओळखणारी माणसं या भागात पुष्कळ आहेत, आणि तिच्याबद्दल काय काय बोललं जातं तेही आम्हाला ठाऊक आहे.

कुमुद ही माझ्या थोरल्या बहिणीची एकुलती एक मुलगी. धड चालायला लागली होती तोच ताप आला, आणि ताप उतरला तेव्हा उजवा पाय पार लुळा पडला होता आणि डाव्यातही निम्मीच ताकद उरली होती. मुंबईच्या डॉक्टरांनी एक कॅलिपर करून दिलं: जाड तळाचा बूट, त्याला दोन्ही बाजूंनी लोखंडी सळ्या, आणि मांडीला नि गुडघ्याला आवळायचे रुंद चामडी पट्टे. मूल वाढतं तसं कॅलिपर लहान होत जातं. दर वेळी मुंबई गाठणं नानांना शक्य नव्हतं, ते ग्वाल्हेर संस्थानच्या नोकरीत इथल्याच एका कचेरीत कारकून होते. मग सळ्या इथला लोहार करू लागला आणि चामड्याचं काम देवास गेटजवळचे बाबूलालजी मोची. पट्टा म्हशीच्या चामड्याचा, दुहेरी, तळ तर चांगला बोटभर जाड. बाबूलालजी आरीनं एकेक भोक पाडून मेण लावलेल्या दोऱ्यानं शिवायचे. देश स्वतंत्र झाला त्या सुमारास हातातली मोळी सुटावी तसं आमच्याकडे सगळंच सुटत चाललं होतं. संस्थान गेलं, मध्य भारत झाला, नानांच्या कचेरीवरची पाटी बदलली, आणि बाबूलालजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. ते कुणाला सांगेनात. टाके वाकडे पडू लागले, भोकं जवळ जवळ येऊ लागली. एका सोमवती अमावस्येला रामघाटाच्या पायऱ्या उतरताना मांडीचा पट्टा टाक्यांच्या रेषेवरच फाटला आणि कुमुद तोंडावर पडली. समोरचा दात अर्धा तुटला. तेव्हापासून ती ओठ मिटूनच हसायची. तिला ओळखणाऱ्या लोकांना ती गर्विष्ठ वाटे, त्याचं कारण बरंचसं ते असावं.

बाबूलालजी घरी येऊन गेले. "अब म्हारा से नी होवे, बेटी," एवढंच म्हणाले. दुसरे मोची चपला-जोडे करत, पण हे जाड काम घ्यायला कुणी तयार होईना. कुमुद तेव्हा सोळा-सतरा वर्षांची होती, मॅट्रिकच्या परीक्षेला बसायची होती. तिनंच नानांना म्हटलं, की जाड चामडं शिवणारं मशीन असतं, ते बघायला चला. संस्थानी फौज मोडली तेव्हा फौजेच्या जीनखान्यातलं, म्हणजे खोगिरांच्या कारखान्यातलं, सामान लिलावात निघालं होतं, आणि त्यातलं काही इंदूरच्या जुन्या मशिनींच्या एका दुकानात आलंय असं तिनं बाबूलालजींकडून ऐकलं होतं.

इंदूरला मीही गेले होते, तिला धरायला कुणी तरी हवं म्हणून. तिनं पिशवीत स्वतःचा जुना फाटका पट्टा आणि बुटाचा तळ घेतला होता. दुकानदारानं आधी शिंप्याचं मोठं मशीन पुढे केलं. "चमड़ा, कैनवास, सब सिलता है," म्हणाला. कुमुदनं पट्टा पुढे केला. दुसऱ्या टाक्याला सुई वाकली आणि तिसऱ्याला मोडली. मग त्यानं बूट दुरुस्तीचं एक लांब हाताचं मशीन दाखवलं. त्यावर पट्टा शिवला गेला, पण वरचा थर पुढे सरकला आणि खालचा मागे राहिला. कडेला दोन्ही थर जुळेनात. कुमुदनं तो तुकडा उलटासुलटा करून बघितला आणि परत दिला. "चालल्यावर हे इथून सुटणार," ती मला मराठीत म्हणाली.

तिसरं मशीन मागच्या बाजूला गोणपाटाखाली होतं. जीनखान्यातलं, खोगिरं शिवायचं. काळं, बुटकं, रुंद बुडाचं. दुकानातला माणूस त्यावर बसला आणि दोन्ही पायांनी पायडल दाबू लागला. ते अगदी सावकाश चालत होतं. सुई चामड्यात उतरायची आणि उतरलेल्या जागीच धरून, वरून दाबणाऱ्या लोखंडी पायासकट एक पाऊल पुढे सरकायची, त्यामुळे सगळे थर एकत्रच पुढे जायचे. बोटभर जाडीचा तळसुद्धा त्यानं शिवला. कुमुदनं टाक्यांत नख घालून बघितलं, पट्टा मागे-पुढे दुमडून बघितला. मग म्हणाली, "मैं बैठती हूँ।"

दुकानदार अवघडला. "बिटिया, यह पाँव से चलती है। बहुत ज़ोर लगता है।"

ती बसली. डाव्या पायानं जेवढं होईल तेवढं दाबलं, पायडल जागचं हललं नाही. मग तिनं उजवा हात वर नेला आणि मशीनचं चाक धरून हातानं फिरवलं. सुई खाली गेली, वर आली. पुन्हा फिरवलं.

"हाथ से भी घूमता है," ती म्हणाली.

"घूमता तो है। पर ऐसे कोई चलाता नहीं।"

मशीन त्या दिवशी घेतलं नाही. परतताना गाडीत नाना तिला समजावत होते. मशीन हेच चांगलं आहे, त्यांना ते पटलं होतं, पण चालवायला माणूस ठेवू, तू फक्त दाखव कसं हवं ते. ती खिडकीबाहेर बघत होती. "माणूस उद्या सोडून गेला की मी परत खाटेवर," ती म्हणाली. "नाना, मला चांगलं मशीन नको आहे. मला चालवता येईल असं चांगलं मशीन हवंय." घरी कितीतरी दिवस हा वाद चालला. ताईचं म्हणणं निराळंच होतं. मुळात आपल्या घरात चामडं कशाला? पायानं अधू मुलगी, त्यात मोच्याचं काम करते असं झालं तर तिच्याकडे बघायला तरी कोण येणार? ताई हे तिच्यासमोरच म्हणाली. कुमुदनं उत्तर दिलं, "आत्ता कोण येतंय?"

शेवटी तेच मशीन आलं. इथल्या गिरणीतल्या एका फिटरनं पायडल काढून टाकलं आणि कुमुदला बसल्या जागी हात पोहोचेल असं एक लांब हँडल चाकाला बसवून दिलं. नानांचं बिऱ्हाड गावात दुसरीकडे, वरच्या मजल्यावर, म्हणून ते आमच्या घरी तळमजल्यावर ठेवलं. हमालांनी ते पुढच्या खोलीत उतरवलं त्या दिवशी माझ्या सासूबाई सबंध दिवस मागच्या पडवीत बसून होत्या. शेजारणींनी हळदीकुंकवाला बोलावणं बंद केलं. हे सगळं मी सोसलं असं म्हणणं खोटं होईल, मी पुष्कळदा चिडले. चामड्याचा तो वास स्वयंपाकात यायचा. पण कुमुद रोज टांग्यानं येई, हात धुऊन माझ्याकडे चहा मागे आणि मशीनवर बसे, आणि तिला नको म्हणावं असं मला कधी वाटलं नाही. बाबूलालजीही येत. त्यांना दिसत नव्हतं, पण चामडं कापायच्या आधी ते हातानं चाचपून कुठली बाजू ताणते ते सांगत, आणि मशीनला मनापासून शिव्या देत.

पहिला पट्टा तिनं स्वतःचा शिवला. मग दवाखान्यातून कुणी तरी एका मुलीला पाठवलं. मग शाजापूर, आगर, कुठून कुठून आईबाप पाठीवर मुलं घेऊन येऊ लागले. तिच्या वागण्यात गोडवा नव्हता. मुलगी रडली की म्हणायची, "रो मत। जितना कसेगा, उतना खड़ी रहेगी।" आयांना ते लागे. पण मूल पहिल्यांदा उभं राहिलं की ती हँडल सोडून, ओठ मिटून बघत राही. त्या वेळचा तिचा चेहरा मी पाहिला आहे.

उजव्या हातानं चाक, डाव्यानं चामडं. जड चाक ओढताना तिला सगळं अंग डावीकडे टाकावं लागे. पाठ आधीच एका बाजूनं दुबळी, ती हळूहळू वाकत गेली. पोलक्याची शिवण एका खांद्यावरून घसरू लागली तेव्हा ते माझ्या लक्षात आलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पाठीवर बोटं वाजवून बघितली आणि स्पष्ट सांगितलं, की हे काम बंद करा, एका फुप्फुसाला जागाच राहिलेली नाही. कुमुदनं विचारलं, "बंद केलं तर पाठ सरळ होईल?" ते म्हणाले, "नाही. पण आणखी वाकणार नाही." घरी येऊन तिनं पाठीला बांधायचा एक पट्टा शिवला आणि पुन्हा कामाला बसली.

त्यातच राज्यांची पुनर्रचना झाली. मध्य भारत संपला, नवा मध्य प्रदेश झाला, आणि नानांची बदली भोपाळला झाली. ताईनं गृहीतच धरलं होतं की कुमुद बरोबर येणार. मशीन विकून टाकू, पाठीलाही आराम पडेल. कुमुद म्हणाली, मी मावशीकडे राहते. निघायच्या दिवशी सामान टांग्यात चढवून झालं तरी ताई आमच्या पुढच्या खोलीत उभी होती.

"ते लोखंड तुला माझ्यापेक्षा जवळचं झालं," ती म्हणाली.

कुमुदनं मान वर केली नाही. एका मुलीचा पट्टा द्यायचा होता, ती शिवत राहिली. ताई गेल्यावर बघितलं तर टाके सगळे रेषेबाहेर गेले होते. तिनं ते एकेक करून उसवले.

यंदाच्या उन्हाळ्यात फ्लूची साथ आली. आमच्या घरात एकेक करून सगळे पडलो, उठलो. कुमुद शेवटी पडली. तिला आडवं होता येईना, पुढच्या खोलीतल्या भिंतीला टेकून बसून राहायची, आणि श्वास घेताना मानेच्या शिरा ताठ व्हायच्या. डॉक्टर येऊन गेले, हे तार करायला गेले. सकाळी ती मला म्हणाली, "मावशी, बूट घाल माझा. उभं राहिलं की श्वास येतो." अंगात एवढा ताप, काय उभी राहणार? पण तिनं पुन्हा सांगितलं. मी कॅलिपर चढवलं, मांडीचा पट्टा आवळला. "और कसो," ती म्हणाली, जसं मुलांशी बोलायची तसं. मी तिला काखेत धरून उभं केलं. मशीनच्या बुडावर एक हात टेकून ती थोडा वेळ खरंच उभी राहिली, आणि श्वास जरा मोकळा झाल्यासारखा वाटला... मला वाटलं, निभावेल. मग तिचं सगळं ओझं माझ्या अंगावर आलं. दुपार व्हायच्या आत ती गेली.

ताईच्या मनात एकच गोष्ट बसली आहे, की मशीननं मुलगी नेली. डॉक्टरांचं बोलणंही तिच्याच बाजूचं आहे. नाना म्हणतात, तिनं निवडलं होतं. मी दोघांचंही ऐकते. तिची पाठ त्या चाकानं वाकवली हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि त्याच चाकावर शिवलेल्या बुटांनी चालणारी मुलं या गावात रोज दिसतात. यातलं एक खोडून दुसरं ठेवणं मला जमत नाही.

मागच्या आठवड्यात इंदूरहून एक गिऱ्हाईक आलं. ताई-नाना अजून इथेच आहेत, आणि मशीन विकायचं ताईनंच ठरवलं होतं. तो माणूस स्टुलावर बसला, टेबलाखाली त्यानं दोन्ही पाय पुढे-मागे करून पायडल शोधलं. मग उठून, वाकून बघितलं.

"हँडल निकलवा के पायडल लगवा दीजिए, तो ले लेंगे," तो म्हणाला.

नाना हो म्हणायच्या बेतात होते. ताई आतून बाहेर आली. "हँडल नहीं निकलेगा," ती म्हणाली. त्यानं विचारलं, मग हे चालवणार कोण? ताईनं स्टूल उचलून भिंतीशी लावलं, आणि तो गेल्यावर बराच वेळ चाकावर हात ठेवून उभी राहिली.

मशीन पुढच्या खोलीतच आहे. कुमुदला चालायला मोकळी वाट लागे, म्हणून आम्ही घरातलं सगळं सामान भिंतींना लावून ठेवत असू. अजूनही तसंच आहे. परवा जेवणं झाल्यावर ह्यांनी चुकून खुर्ची मधेच ठेवली. ताई पाणी घेऊन येत होती. ती थांबली, तांब्या खाली ठेवला, खुर्ची भिंतीला सरकवली आणि मग पुढे गेली.